अंपायर बोलेपर्यंत

३ एप्रिल, सोमवार

"मनात येईल ते लिहून काढा, डोरीन. म्हणजे तेवढं बोलावं लागणार नाही." हे मला कोण सांगतंय, तर नेओमी, वय वर्षं सव्वीस. इस्पितळाकडून दर सोमवारी नॉरिसला बोलायला शिकवायला येते. माझ्याच घरात बसून, माझाच रूबार्बचा केक खाऊन मलाच सांगते की कमी बोला. बरं बाई. लिहिते.

तर माझा नवरा नॉरिस फेब्रुवारीत न्याहारी करता करता खुर्चीवरून लवंडला. मेंदूचा झटका. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालतो, आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असं नाही. 'चहा' म्हणतो, 'किटली' म्हणतो, 'कुत्रा' म्हणतो, 'डोरीन' तर म्हणतोच. गेले ते मधले बारके शब्द. वर, खाली, कडे, साठी, पलीकडे. "चहा. टेबल. डोरीन." आता यावरून तुम्हीच ओळखा, चहा हवाय की सांडलाय. मी बहुतेक वेळा ओळखते.

नेओमीनं पुष्कळ शास्त्र सांगितलं. मला समजलं ते नॉरिसच्या धंद्यावरून. जन्मभर त्यानं या डोंगरांत नुसते दगड रचून भिंती बांधल्या, चुना नाही की सिमेंट नाही. मोठे दगड बाहेरून सगळ्यांना दिसतात. पण भिंतीच्या पोटात बारीक बारीक दगड ठासून भरावे लागतात, नाहीतर दोन हिवाळ्यांत भिंत फुगते आणि बसते. त्याचे मोठे दगड शाबूत आहेत. पोटातले वाहून गेलेत.

१७ एप्रिल, सोमवार

नेओमी म्हणाली, आपण एकच बारका शब्द धरू या. जो त्यांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वापरलाय तो. तिनं चित्रांची पानं मांडली. नॉरिसनं ती बाजूला सारली, काठी टेकत दारामागच्या खुंटीपाशी गेला, अंपायरचा पांढरा कोट काढला आणि खिसा टेबलावर उपडा केला. सहा गोटे. ओढ्यातले, गुळगुळीत झालेले. तीस-बत्तीस वर्षं आमच्या हॉकरगिल गावच्या मैदानावर प्रत्येक चेंडूला एक गोटा या खिशातून त्या खिशात टाकत उभा असायचा तो.

"ओव्हर!" मी म्हणाले. "ओव्हर म्हणायचंय त्याला!"

नेओमी माझ्याकडे बघत राहिली. "ते म्हणणार होते, डोरीन."

"मग मी तेच म्हणाले ना!"

या पोरीला कशानं आनंद होतो देव जाणे.

२९ एप्रिल, शनिवार

हंगामाची पहिली मॅच. आमच्या बागेची भिंत संपते तिथे मैदान सुरू होतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. मी गेली कित्येक वर्षं इथूनच बघते. मैदानात पाऊल टाकणार नाही म्हटलं म्हणजे नाही. क्लबच्या चहाला मी केक द्यायचे, आणि एकदा रॉडनी पीकॉक, आमचे थोर सेक्रेटरी, चारचौघांत म्हणाला की डोरीनचा केक भिंतीला लावायला चांगला आहे. सगळे फिदीफिदी हसले. नॉरिससुद्धा हसला! तेव्हापासून मी आणि माझी खिडकी.

आज नॉरिस माझ्याशेजारी खिडकीत उभा होता. त्याच्या जागी कोणी परका अंपायर. नॉरिसनं मैदानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बागेच्या टोकाकडे. "भिंत," म्हणाला. "डोरीन. भिंत."

हिवाळ्यातल्या बर्फानं तिथली भिंत हातभर ढासळलीये. "हो रे बाबा, कळलं. दुरुस्त करायचीये. सांगते कोणाला तरी."

"नाही."

"नाही काय? आत्ता भिंत भिंत करत होतास."

त्यानं डोळे मिटले आणि आत जाऊन बसला. भिंत पडलेली बघवत नसणार. भिंती बांधण्यात हयात गेली बिचाऱ्याची.

८ मे, सोमवार

आठवडाभर मी त्या एका शब्दाच्या मागे लागलेय. सत्तर वर्षं तोंडात घोळवला आणि कधी त्याच्याकडे धड बघितलं नाही. मेंढी भिंतीवरून उडी मारते, ओव्हर. पूल ओढ्यावर उभा, ओव्हर. शेजारीण चहाला ओव्हर ये म्हणते, मधे नुसतं एक कुंपण असलं तरी. दूध उतू गेलं की ओव्हर, माणूस लवंडला की ओव्हर. पाहुणा रात्रभर राहिला तरी तोच शब्द. रविवारचं मटण उरलं आणि सोमवारी पावात घातलं, तिथेही हजर. साठीच्या वरच्यांना औषधं फुकट मिळतात ती याच शब्दाच्या कृपेनं. दुखण्यातून उठलो तर ओव्हर, आणि उठलो नाही, सगळंच आटोपलं, तरी ओव्हर! आणि सहा चेंडू झाले की अंपायर म्हणतो तोही हाच. एवढं झालं, चला आता पलीकडच्या बाजूनं.

माझ्या आईकडे एक बोथट सुरी होती. तिनंच बटाटे सोलायचे, तिनंच दोरी कापायची, रंगाच्या डब्याचं झाकणही तिनंच उचकटायचं. हा शब्द तसा आहे. कुठेही घाला, काम करतो आणि वर नाव सांगत नाही. मला तर भारीच कौतुक वाटायला लागलंय त्याचं.

नेओमीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एक राहिलं. कशावरून तरी भांडण झालं, तर त्या 'वरून'लाही ओव्हरच."

कोपऱ्यातून आवाज आला, "केक."

दोघी वळलो. नॉरिसचे खांदे हलत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसला, तेही माझ्यावर. मला राग यायला हवा होता. पण मी उठून त्याच्या टकलाचा मुका घेतला.

२० मे, शनिवार

रॉडनी आला होता. टोपी हातात, चेहरा अंत्ययात्रेला आल्यासारखा. क्लबनं ठरवलंय म्हणे, मैदानावर नॉरिसच्या नावानं बाक बसवायचा. पितळेची पट्टी वगैरे.

"बाक?" मी म्हणाले. "माणूस जिवंत आहे, रॉडनी! समोर बसलाय!"

"तसं नाही डोरीन, मानानं निवृत्त व्हावं एवढंच..."

"त्याला निवृत्त व्हायचं नाहीये. त्याला उभं राहायचंय. हो ना रे नॉरिस? आउट झाला तर बोट वर करायला तोंड कशाला लागतं? चौकाराला हात हलवायचा, षटकाराला दोन्हीऐवजी एक वर."

रॉडनी खाकरला. "बाकी सगळं हातानं होईल, मान्य. पण ओव्हरला खूण नाही. ती तोंडानंच द्यावी लागते. अंपायर बोलल्याशिवाय मैदानावर कोणी जागचा हलत नाही. आणि तेवढंच तर त्याला येत नाही."

इथे रॉडनीचं खरं होतं. असं फारसं होत नाही. बाकी हजार गोष्टींना खुणा केल्यात लोकांनी, आणि नेमकी हिलाच का नाही?

नॉरिसनं डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. "ओ..." म्हणाला. "ओ..."

"ओव्हर म्हणेल तो," मी रॉडनीला सांगितलं. "म्हणाला की तुला फोन करते. तोवर तुझा बाक तुझ्या अंगणात ठेव."

८ जून, गुरुवार

क्रेग आयव्हसननं भिंत पुरी केली. क्रेग पूर्वी नॉरिसच्या हाताखाली काम शिकला, आता स्वतः भिंती बांधतो आणि शनिवारी क्लबसाठी वेगात चेंडू टाकतो. तीन दिवस नॉरिस बागेत खुर्ची टाकून काठीनं हुकूम सोडत होता. हा दगड नको, तो घाल. भिंत देखणी झालीये, खोटं का बोला. पण मधेच तीन लांबट दगड दोन्ही अंगांना बाहेर काढलेत, पायऱ्यांसारखे.

"हे काय रे?" मी क्रेगला विचारलं.

"त्यांनी सांगितलंय, काकू. मापंसुद्धा त्यांचीच."

"अरे, तो लंगडतोय! याच्यावरून चढून मैदानात जाणार आहे का? मान मोडून घेईल. आणि एवढ्या बुटक्या पायऱ्या? त्याच्या टांगा बघ केवढ्या!"

क्रेगनं ओठ दाबून दुसरीकडे बघितलं. कामचुकार मेला. वर माझे बागेतले गमबूट मापाला नेले होते म्हणे, ते चिखलानं लडबडून परत आले. मापाला दुसरं काही मिळालं नाही का? नॉरिसला बजावून ठेवलंय, त्या पायऱ्यांवर पाऊल टाकलंस तर याद राख. मैदानात जायचं तर फाटकातून, माणसासारखं.

तो म्हणाला, "डोरीन. भिंत."

"झाली रे भिंत! बघ की, झाली!"

दिवसभर घुश्शात होता. एवढा खर्च करून हे फळ.

२६ जून, सोमवार

नेओमी आज माझ्यावरच घसरली. गोड बोलून, पण घसरलीच. म्हणाली, "ते एक शब्द बोलतात आणि तुम्ही वाक्य पुरं करता."

"मदत करते मी."

"माहितीये. पण तुम्ही पुरं केलेलं वाक्य तुमचं असतं, त्यांचं नाही. थोडं थांबून बघा. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, तरी थांबा."

थांबले. संध्याकाळी तो "मीठ..." म्हणाला तेव्हा मनात तीनपर्यंत मोजलं. एक माणूस तोंड उघडं ठेवून धडपडतोय आणि आपण दगडासारखं बसायचं? हे प्रेम झालं का? चौथ्याला मी मीठ दिलं. त्याला मिरपूड हवी होती, पण ते नंतर कळलं, आणि मिरपूड काही पळून गेली नव्हती.

४ ऑगस्ट, शुक्रवार

म्हणाला! म्हणाला!

मी मागच्या दाराशी चादरी वाळत घालत होते. दोन्ही हात वर, तोंडात चिमट्यांची ही गर्दी. आत चुलीवर खिरीचं दूध. नॉरिस उंबऱ्यात येऊन उभा राहिला. "दूध," म्हणाला. मी मान हलवली, तोंडात चिमटे, काय बोलणार? तो उभाच. ओठ हलताहेत, मानेच्या शिरा ताठ. मी एक चिमटा लावला, दुसरा लावला. "दूध... ओ... ओव्हर."

आणि खरंच गेलं होतं उतू! चूलभर झालं. मी चिमटे थुंकले, त्याला मिठी मारली, दोघं रडलो, आणि दूध करपून घरभर वास सुटला. दुधाच्या भीतीनं शब्द सुटला असणार. नेओमी म्हणते की दुधाचा संबंध नाही, त्या वेळी तुम्ही काय करत होता ते सांगा. कपडे वाळत घालत होते, आणखी काय?

रॉडनीला फोन केला. पाहुण्यासारखा आढेवेढे घेत होता, पण शब्द म्हणजे शब्द. सव्वीस तारखेला नेदरस्कारच्या संघाविरुद्ध नॉरिस उभा राहणार.

१९ ऑगस्ट, शनिवार

नंतर फक्त दोनदा म्हणाला, दोन्ही वेळा मी बाजारात गेले असताना. क्रेगनं ऐकलं. माझ्यासमोर "ओ"च्या पुढे गाडी जात नाही. मला धास्ती वाटतेय. साऱ्या गावासमोर तोंड उघडं ठेवून उभा राहिला तर? नेदरस्कारची पोरं हसली तर? बाकच बरा होता की काय, असंही एकदा मनात आलं. लिहायलाही लाज वाटते.

कोट धुऊन इस्त्री केलाय. गोटे त्यानं स्वतः धुतले.

२६ ऑगस्ट, शनिवार

आज लिहिलं नाही तर कधी लिहिणार?

नॉरिस फाटकातून गेला, पांढरा कोट घालून, पाय ओढत. मी खिडकीत. नेदरस्कारची फलंदाजी पहिली. त्यांचा कप्तान बैलासारखा गडी, तोच सलामीला. पहिली ओव्हर क्रेगची, आणि अंपायर नॉरिस. प्रत्येक चेंडूला डाव्या हातानं एक गोटा खालच्या खिशातून वरच्या खिशात जाताना मला इथून दिसत होता. मी त्याच्याबरोबर मोजत होते. सहावा गोटा गेला.

आणि काही झालं नाही.

त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी खिडकीतून निघाले ते कधी भिंतीशी पोचले कळलंच नाही. वरच्या दगडांवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. मैदान गप्प. क्षेत्ररक्षक जागच्या जागी. पलीकडचा अंपायर हाताची घडी घालून उभा. कोणी खोकलं नाही, कोणी हसलं नाही, कोणी "हं, बोला बोला" केलं नाही.

मग क्रेगनं काय करावं? चेंडू पँटला घासला, मागे फिरला, आपल्या खुणेपाशी गेला, आणि आणखी एक चेंडू टाकला. अंपायर बोलला नाही म्हणजे ओव्हर चालू आहे! कप्तानानं तो तटवला. क्रेग परत गेला. पुन्हा आला. पुढचा आखूड पडला, तर त्या बैलानं तो सरळ आमच्या भिंतीशी चौकार हाणला. नॉरिसनं हात हलवून चौकार दिला, अगदी शिस्तीत. क्रेगनं शिवी हासडली. दया नाही, माया नाही, खरंखुरं खेळत होते मेले. किती चेंडू झाले मला ठाऊक नाही, मोजायचं भान कोणाला होतं!

रॉडनी मात्र धावफलकाकडून तरातरा निघाला, वही हलवत. "अहो, सहा कधीच झाले! ओव्हर..."

कप्तानानं बॅट आडवी धरली आणि असा ओरडला की दरीपलीकडे ऐकू गेलं असेल. "मागे व्हा सेक्रेटरी! अंपायर म्हणेल तेव्हाच ओव्हर संपते. आम्हाला घाई नाही!"

नॉरिसनं तेव्हा इकडे बघितलं. मी भिंतीशी उभी आहे हे त्याला दिसलं. शब्द माझ्या जिभेवर होता. नुसता हाक मारल्यासारखा टाकला असता तरी पोचला असता, आणि सगळं सोपं झालं असतं. मी ओठ दातांखाली धरला. नंतर आरशात बघितलं तर रक्त आलं होतं.

क्रेगनं आणखी एक टाकला. तटवला. शांतता.

"ओव्हर," नॉरिस म्हणाला.

घोगरा, तुटका, पण भिंतीपर्यंत आला. आणि त्या सगळ्यांनी काय केलं सांगू? काहीच नाही. क्षेत्ररक्षक चालत पलीकडच्या बाजूला गेले, यष्टिरक्षकानं हातमोजे नीट केले, कोणीतरी "चला रे" म्हणालं. एकानंही टाळी वाजवली नाही. जणू दर ओव्हर अशीच असते. ती टाळी त्यांनी वाजवली नाही म्हणून मी भिंतीवर डोकं टेकून ढसाढसा रडले. या रांगड्या पोरांना हे कोणी शिकवलं? मला सहा महिन्यांत शिकता आलं नाही ते.

आम्ही थोडक्यात हरलो. तो जादाचा चौकार नडला म्हणून रॉडनी अजून कुरकुरतोय. क्रेग म्हणाला, "चेंडू मी टाकला होता, अंपायरनं नाही."

२७ ऑगस्ट, रविवार

सकाळी चहा ओतला आणि बसले. नॉरिस माझ्याकडे बघून म्हणाला, "डोरीन. भिंत."

जीभ वळवळली. झाली रे भिंत, काय हवंय आता भिंतीचं, सगळं तोंडापर्यंत आलं. कालचा तो कप्तान आठवला. मी हाताची घडी घातली.

चहावर साय धरली. बाहेर कुत्रं भुंकलं आणि थांबलं. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी बसून राहिले. वाटलं तेवढं अवघड नव्हतं. खोटं, फार अवघड होतं.

"डोरीन," तो म्हणाला. "भिंत... ओव्हर... ये."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. तीन बुटक्या पायऱ्या. माझे गमबूट.

एप्रिलपासून म्हणत होता. आणि मी ती वाट बंद करायला माणूस लावला होता.

२ सप्टेंबर, शनिवार

हंगामाची शेवटची मॅच. पायऱ्यांवरून गेले. गुडघ्याला त्रास झाला नाही, माप बरोब्बर आहे. रॉडनीनं न बोलता खुर्ची आणून दिली आणि चहाबरोबर केक. केक विकतचा होता. तरी मी तुकडा संपवला.

नॉरिसच्या पहिल्या ओव्हरला आज आठ चेंडू लागले. कोणालाच घाई नव्हती.